टोपलीची वेबसाइट

सोमवार, ३ नोव्हेंबर

मासळीचा एक वाटा म्हणजे किती? मला उत्तर देता येत नाही. ते मिळत नाही तोवर डेटाबेसचं काम पुढे सरकणार नाही.

तक्त्यात माशाचं नाव लिहिलं, भाव लिहिला आणि 'माप' या रकान्यापाशी अडकले. आई ओट्यापाशी कोळंबी सोलत बसली होती. तिलाच विचारलं.

"वाटा म्हणजे वाटा," ती म्हणाली.

"पण किती ग्रॅम?"

"कोणाला द्यायचाय त्यावर हाय. म्हावरं किती आलंय त्यावर हाय."

"म्हणजे एकाच दिवशी दोघींना वेगळा वाटा?"

"मग? जुन्या गिऱ्हाइकाला नि नव्याला सारखाच दिला तर जुनी कशाला येईल माझ्याकडं?"

रकान्यात सध्या 'वाटा' एवढाच शब्द टाकून ठेवला आहे. ऑफिसातला मिथुन म्हणतो, संख्या नसलेल्या मापाची बेरीज होत नाही. ते मलाही कळतं.

हे सगळं कशासाठी चाललंय तेही एकदा नीट लिहून ठेवते. आमचं घर गव्हाणच्या कोळीवाड्यात. आई उलव्यातल्या एका सोसायटीच्या गेटाशी म्हावरं घेऊन बसते. त्या इमारतीला रंगही लागला नव्हता, तेव्हापासून तिची ती जागा. आता सोसायटीने ठराव केलाय, एक डिसेंबरपासून गेटाशी मासळी विकायची नाही. सेक्रेटरी प्रभाकरकाका तिला म्हणाले, "ऑनलाइन ऑर्डर घेऊन घरपोच दिलीत तर आमची हरकत नाही, गोदूताई." उलव्यात गेटं पुष्कळ आहेत, पण प्रत्येकावर आमच्याच वाड्यातली कोणी ना कोणी बसलेली असते. दुसरीच्या गेटावर आपली टोपली मांडायची नाही, हा नियम कोणी लिहिलेला नाही आणि मोडतही नाही. म्हणजे हे गेट गेलं की आईची सगळी गिऱ्हाइकं गेली.

आई घरी येऊन सहज म्हणाली, "ऑनलाइन म्हणजे आपल्या मनूचंच काम की."

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. नवीन पनवेलच्या आमच्या छोट्या ऑफिसात दवाखान्यांच्या आणि क्लासेसच्या वेबसाइट बनवते. आपलं शिक्षण घरच्या माणसाच्या थेट उपयोगाला पडतंय असं पहिल्यांदाच वाटतंय.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

एक लहान सर्वर भाड्याने घेतला. सगळ्यात स्वस्त, पण आपल्याला पुरेल.

माझ्यासाठी नोंद: आधी फायरवॉल लावायची, मग बाकीचं. मी उलट केलं. तासाभरात कुठल्या कुठल्या देशांतून कोणीतरी पासवर्ड ठोकून बघायला लागलं होतं. सर्वरच्या नोंदी वाचून घाबरले आणि मिथुनला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नकोस, ते सगळ्यांच्याच दाराची कडी वाजवतात. तुझ्यावर काही खास राग नाही." मग फोनवर बसून त्याने सगळं नीट करून घेतलं. वेळ इतका गेला की त्याचं जेवण राहिलं म्हणे.

माशांचे फोटो काढले. आईने सगळे नापास केले.

"मेल्यागत दिसतात."

"आई, मेलेलेच आहेत ते."

"ताजं म्हावरं मेल्यागत नाय दिसत, बाय. डोळा बघ जरा. उजेडात धर."

पुन्हा काढले. तिचं बरोबर होतं.


रविवार, ९ नोव्हेंबर

आज उद्घाटन आणि आजच फजिती.

रोजची मासळीची यादी सकाळी सातला आपोआप उघडावी असं क्रॉनमध्ये लावलं होतं. क्रॉन म्हणजे सर्वरचा गजर, ठरल्या वेळी ठरलेलं काम तो करून टाकतो. यादी उघडली दुपारी साडेबाराला. सर्वरचं घड्याळ आपल्या वेळेवर नव्हतंच. तोपर्यंत आई सगळं विकून, टोपली धुऊन घरी आली होती. मग धडाधड ऑर्डरी आल्या. नसलेल्या पापलेटच्या.

एकेकाला फोन करून माफी मागत बसले. आई शेजारी बसून ऐकत होती.

"तुझा सर्वर रातपाळी करतो काय? दुपारी उठला."

बाबा कंटेनर यार्डातून रातपाळी करूनच आले होते. ते हसता हसता खोकायला लागले.

नोंद: सर्वर घेतल्या घेतल्या घड्याळ भारतीय वेळेवर लावणे, क्रॉन पुन्हा सुरू करणे, दुसऱ्या दिवशी स्वतः डोळ्याने खात्री करणे.


बुधवार, १२ नोव्हेंबर

चाललं! यादी सातच्या ठोक्याला उघडली. ऑर्डरी येत गेल्या. बऱ्याच जणांनी शेऱ्यात लिहिलंय, 'बेल वाजवू नका, पिशवी कडीला अडकवा, पैसे ऑनलाइन.' म्हणजे दारात उभं राहायला नको, बोलत बसायला नको, किती वेळ वाचला! आई लवकर घरी आली. दमली होती बहुतेक. चहाही तिने गार करून प्यायला.

एक अडचण. आई साइट स्वतः उघडतच नाही. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचून ठेवते. गेटावरचा वॉचमन दाजी तिला ऑर्डरी वाचून दाखवतो. आज मी गेले तेव्हा तो मोठ्याने वाचत होता आणि आई बाजूच्या भाजीवालीला म्हणत होती, "आता खालची ओळ वाच, दाजी." खालची ओळ म्हणजे 'निर्मिती: मनस्वी विठू कोळी.' ऑर्डरीशी तिचा काही संबंध नाही, उगाच जागा खाते. काढून टाकायला हवी.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज आईशी भांडले.

थोडीच मुडदुशी आली होती. सातव्या मजल्यावरच्या प्रितेशने साइटवर सगळ्यात आधी नोंदवली. सिस्टीमने त्याच्या नावावर लावली. आईने ती उचलली आणि चौथ्या मजल्यावर दिपिकाला देऊन टाकली. दिपिकाने ऑर्डरच केली नव्हती! प्रितेशच्या पिशवीत मांदेली. त्याने साइटवर लिहिलं, 'मागितलं एक, आलं भलतंच. ही कसली सेवा?' पहिलाच अभिप्राय, आणि तो असा.

"आई, पहिला नंबर त्याचा होता."

"त्याच्याकडं आज दोस्त यायचेत. तो मांदेली तळून खाईल, त्याला काय फरक पडतो?"

"पण नियम म्हणजे नियम ना?"

"ती बाळंतीण हाय. दूध पुरत नाय तिला, घरात आई नाय, सासू नाय. मुडदुशी कोणाला द्यायची?"

"मग तिने ऑर्डर करायला हवी होती."

"तिला काय म्हाईत मुडदुशी खायची असते ते? नागपूरची हाय ती."

जो आधी येईल त्याला आधी, यापेक्षा न्याय्य पद्धत कुठली? मोठमोठ्या कंपन्या त्यावर चालतात. आई प्रेमळ आहे, पण तिच्या मनाप्रमाणे चाललं तर सोसायटी म्हणेल, यांना ऑनलाइन जमत नाही. मग गेटही गेलं आणि घरपोचही गेलं.

रात्रीचं जेवण अबोल्यात झालं. तरी ताटातली कोळंबी माझ्याच बाजूला जास्त होती.


रविवार, १६ नोव्हेंबर

आईचे नियम कोडमध्ये आणायचे ठरवलं. तिच्या डोक्यात आहे ते बाहेर काढलं की मशीन तिच्यासारखंच वागेल. वही घेऊन बसले. तेवढ्यात मिथुन आला. म्हणाला, गव्हाणला नेटवर्क कसं आहे ते बघायला आलोय. नेटवर्क इथे चांगलंच आहे, मागच्या आठवड्यात येऊनही त्याने तेच बघितलं होतं.

आई सांगत गेली, मी लिहीत गेले. दुसऱ्या मजल्यावर मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात, पण मुलगा पाळत नाही, त्याला जिन्यात द्यायचं आणि बोलायचं नाही. पाचव्यावरच्या मास्तरांना काटा चालत नाही, तरी बोंबील मागतात, तेव्हा मधला काटा काढून द्यायचा आणि सांगायचं नाही. तिसऱ्यावर दोघी जावा बोलत नाहीत. दोघींना एकच मासा द्यायचा, नाहीतर एक विचारते तिला काय दिलंस.

"आणि सेक्रेटरींकडे?"

"त्यांच्या म्हाताऱ्या आईला माझ्याशी भाव करायला लागतो. पैशाचं काय नाय तिला, पण भाव केल्याबिगर म्हावरं गोड लागत नाय. तिच्यासाठी मी आधी जास्त सांगते, मग उतरते."

"आई, हे मी कोडमध्ये कसं लिहू?"

"मना काय ठावं? तू शिकलीस."

मिथुन इतका हसला की त्याला ठसका लागला. तो बाहेर कुठे मासे खात नाही म्हणतो, पण जेवायला थांबला आणि सगळं संपवलं. तो गेल्यावर आई म्हणाली, "पोरगा काटे निवांत काढतो. सबुरीचा हाय."

सर्वरवाल्याला सबुरी लागतेच.


बुधवार, १९ नोव्हेंबर

नवीन सोय चालू केली. जे घर तीन दिवस काहीच मागवणार नाही, त्याला आपोआप आठवणीचा मेसेज जाईल. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मोठ्या साइट असंच करतात. दिवसभर त्यातच होते.

आई आज सकाळीच परत आली. टोपली जवळजवळ भरलेली. कोळीवाड्यात वाटून टाकली. कानाला हेडफोन होता, तिने काय सांगितलं ते पुरतं ऐकलं नाही. "आज त्या गेटावर म्हावरं मांडायचा दिस नाय," असं काहीतरी. बुधवार, मासळीचा दिवस, आणि हातातल्या ऑर्डरी तशाच टाकून आली. मला राग आला. सगळ्यांना 'आज सेवा बंद' असा निरोप पाठवला. कारण लिहायला काही नव्हतंच.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर



ऑफिसात असताना फोन आला. साइटवर माझाच नंबर आहे. प्रभाकरकाका होते. आवाज अगदी शांत.

"मनस्वी, आत्ता मला तुमच्याकडून एक मेसेज आलाय. वाचू का? 'बऱ्याच दिवसांत आठवण नाही काढलीत! आजीबाईंच्या आवडीचं ताजं पापलेट आलंय.'"

मी म्हणाले, हो काका, नवीन सोय आहे.

"परवा आई गेली आमची. घरात सुतक आहे, बेटा. तुझ्या आईला माहीत आहे. बुधवारी गेटाशी टोपली नव्हती, ते आईला नेताना माझ्या लक्षात आलं होतं. तुला नाही का बोलली ती?"

बोलली होती.

आजीबाईंच्या आवडीचं, हे वाक्य मीच सजवून टाकलं होतं. आईने सांगितलेल्या नियमांतून उचलून. आणि जी घरं गप्प झाली आहेत नेमकी तीच शोधून काढायची, असंही मीच लिहिलं होतं. कोडमध्ये एकही चूक नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं.

मेसेजचं काम तिथल्या तिथे क्रॉनमधून काढून टाकलं.

घरी आले आणि आईला सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी माझ्यासंगती चल."


शनिवार, २२ नोव्हेंबर

गेलो. आईने डोक्यावरून अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली. टोपली घेतली नाही. टोपलीशिवाय तिला त्या गेटातून आत जाताना मी पहिल्यांदा पाहिलं. दाजी उठून उभा राहिला.

प्रभाकरकाकांच्या घरी खाली चटईवर बसलो. मी माफी मागितली. नीट शब्द जमले नाहीत. काका म्हणाले, "असू दे. तुला काय माहीत."

आई मग आजीबाईंबद्दलच बोलायला लागली. "पहिल्या दिशी मना म्हणाली, तुझं पापलेट शिळं हाय. मी बोलले, आजी, शिळं असेल तर फुकट घे. तर बोलली, फुकट घेईन, पण आधी भाव सांग."

काका हसले. मग त्यांनी तोंडावर हात धरला. त्यांच्या बायकोने आत जाऊन पाणी आणलं, आधी आईला दिलं.

निघताना दारात ते म्हणाले, "गोदूताई, ठरावाचं मात्र... कमिटीचा आहे. मला एकट्याला फिरवता नाही यायचा."

"आज तो विषय काढू नका साहेब. मी त्याच्यासाठी नाय आले."

जिन्यात मी विचारलं, "आई, मला बुधवारी नीट का नाही सांगितलंस? आजी गेल्या, असं सरळ?"

"सांगितलं की."

"मी ऐकलं नाही."

"कामात होतीस तू," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ती हवी होती.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

मिथुन म्हणतो, मेसेज काढलास ना, मग संपलं. ऑर्डरीचं पान छान चाललंय, ते राहू दे. एका चुकीसाठी सगळं पाडू नये. हे तो फार मायेने बोलला, शिवाय माझ्या टेबलावर चिकू ठेवून गेला, का ते कळलं नाही.

त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. पण मी आज जुने शेरे परत वाचले. 'बेल वाजवू नका.' 'कडीला लावा.' 'दारात ठेवा.' ऑर्डरी वाढल्यात आणि आई रोज गप्प होत चाललीय. दिपिकाला आता बरं आहे का, विचारलं तर म्हणाली, "दार उघडलं तर कळेल ना. हल्ली पिशवीच लटकवते मी."

मी आईला उन्हातून उठवायला निघाले होते. उठवलं खरं, माणसांतूनही.


रविवार, ३० नोव्हेंबर

गेटावरचा आजचा शेवटचा दिवस. उद्या सोमवार, तशीही मासळी कमीच.

जेवताना आईने सांगून टाकलं, "मी दारोदार फिरणार. घरपोच द्यायला त्यांची हरकत नाय ना? मग बेल वाजवून, दार उघडायला लावून देईन. आधी बघायचं घरात काय चाललंय, मग टोपली उघडायची."

"लिफ्टमध्ये पिशव्या चालतात, टोपली नेऊ देणार नाहीत. नोटीस लावलीय."

"जिना हाय."

"सात मजले? तुझे गुडघे?"

"बसत बसत चढेन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या मजल्यापुढे तिला चढवत नाही, हे आम्हा तिघांना ठाऊक आहे. वरच्या मजल्यांवरची गिऱ्हाइकं तुटली की टोपली अर्धी रिकामी. आणि अर्ध्या टोपलीसाठी, आई मासळी घेते त्या करंजाच्या धक्क्यावर पहाटे कोणी चांगलं म्हावरं बाजूला काढून ठेवत नाही.

मी म्हणाले, "वरचे मजले मी करते."

"येडी हाय काय तू? त्याच्यासाठी शिकवली तुला? टोपली उचलायला?"

"नोकरी सोडत नाहीये. ऑफिसच्या आधी."

"नाय म्हणजे नाय. लोक काय बोलतील, गोदूची ग्रॅज्युएट पोर म्हावरं विकते."

"तू विकतेस तेव्हा बोलतात का?"

"माझं वेगळं हाय!"

ती डोळे पुसून उठली आणि भांडी इतक्या जोरात घासली की शेजारची काकू डोकावून गेली.


मंगळवार, २ डिसेंबर

सत्यजीत सरांशी बोलले. आमच्या ऑफिसचे तेच मालक. सकाळी उशिरा येईन, संध्याकाळी तेवढं जास्त थांबेन, असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या येताना सुरमईचं काही जमतंय का बघ."

वरच्या मजल्यांचा विचार सोडून द्यावा असं अजूनही अधूनमधून वाटतं. मला लाज वाटेल का? जिन्यात कॉलेजचं कोणी भेटलं तर? खरं सांगायचं तर उत्तर माहीत नाही. चढून बघावं लागेल.


बुधवार, ३ डिसेंबर

आई शेवटी तयार झाली, पण मोठी टोपली तिने हातात दिली नाही. लहान दिली. त्यात बोंबील आणि मांदेली, पापलेट तिच्याकडेच. "पहिल्या दिशी पापलेट नाय देत कोणाच्या हातात," म्हणाली. मग जिन्याच्या पायरीवर बसून तिने मला एकेक दार समजावलं. कोणाकडे आधी तब्येत विचारायची, कोणाकडे मुलाच्या परीक्षेचं, कोणाकडे काहीच विचारायचं नाही. मी लिहून घ्यायला फोन काढला, तर तिने माझा हात धरून खाली केला.

प्रितेशने दार उघडलं, मला ओळखलं आणि म्हणाला, "वेबसाइट चालत नाहीये तुमची."

"बंद केलीय. बोंबील आहेत, करकरीत."

"मुडदुशी?"

"आली तर सांगेन. पण आधी चौथ्या मजल्यावर विचारून."

तो गोंधळला, मग कारण कळल्यावर ओशाळून हसला आणि बोंबील घेतले. दिपिकाने बेलच्या आधीच दार उघडलं. खांद्यावर बाळ होतं. "ताई कुठे आहेत?" म्हणाली. खाली आहेत म्हटल्यावर तशीच, बाळासकट, जिना उतरून आईकडे गेली. माझ्याकडून काही घेतलंच नाही.

प्रभाकरकाकांच्या दारापाशी मी थांबले. परवा तेरावं झालं, हे आईने खालीच सांगितलं होतं, पण बेल वाजवायला बोट पुढे होईना. दार त्यांच्या बायकोने उघडलं. टोपलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय भाव?"

मी भाव सांगितला. आईने शिकवल्याप्रमाणे, जास्त. त्यांनी कमी सांगितला. मी उतरले. त्या आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, गोदूताईंची मुलगी आलीय," आणि भांडं आणायला गेल्या.

शेवटच्या मजल्यावर पाय खरंच दुखत होते. टोपली पुरती रिकामी झाली नाही, आणि एका घरी चुकीचं बोललेसुद्धा, ते आई उद्या निस्तरेल.

ऑर्डरीचं पान, नावांचा तक्ता, सगळे नियम काल संध्याकाळी पुसले आणि सर्वर परत करून टाकला. बॅकअप ठेवलेला नाही. अकराला ऑफिसात पोचले, तेव्हा हातांना म्हावऱ्याचा वास होता आणि मी ते धुऊन कामाला बसले.